कमरेचा इळा आणि हातातली काठी

आम्ही चिखल्याच्या बचत गटातल्या बाया बोलत आहोत. तुमसर तालुका, भंडारा जिल्हा. गावाला लागून मॅंगनीजची खाण आहे आणि आजूबाजूला जंगल. घरातला माणूस खाणीत नाहीतर मजुरीला, आणि आम्ही वावरात, बांधीत, जंगलात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं, मे महिन्यात तेंदूपत्ता, पावसाळ्यात रोवणी, दिवाळीच्या सुमारास धानाची कापणी. वर्षाचे बारा महिने कोणतं ना कोणतं धारेचं हत्यार आमच्या हातात असतंच.

आज आम्ही त्याच हत्यारांबद्दल बोलणार आहोत. विषय निघाला तो गटाच्या बैठकीत. होळी जवळ आली होती, मोह गळायला लागला होता. आमच्यातल्या एका वहिनीच्या मुलाने मोबाईलवर जंगलात वापरायचे चाकू पाहिले. जाड पातं, न मिटणारं, मूठ रबराची, सोबत म्यान. तो म्हणाला, "आई, तुम्ही पहाटे जंगलात जाता. सगळ्या जणींनी असा एकेक चाकू घ्या." तुमसरला कॉलेजात जाणाऱ्या एका पोरीने तर किल्ल्यांना लावायची एक टोकदार दांडी आधीच मागवली होती. स्वसंरक्षणासाठी, असं तिच्या खोक्यावर लिहिलं होतं.

मग गटापुढे प्रश्न आला, की गटाच्या पैशातून चाकू घ्यायचे का? काही जणी म्हणाल्या, घेऊ. भीती खरीच होती. कोणाला वाघाची, कोणाला अस्वलाची, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत जास्त भीती रस्त्यावर आडव्या येणाऱ्या माणसाची. आम्ही लगेच हो किंवा नाही म्हटलं नाही. आधी पाहून घेऊ, करून बघू, असं ठरवलं. त्या महिनाभरात जे समजलं ते तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट चाकूची. चाकू दोन प्रकारचे असतात. एक मिटणारा, खिशात मावणारा. दुसरा न मिटणारा, म्हणजे पातं मुठीत कायमचं बसवलेलं. मिटणाऱ्या चाकूला सांधा असतो. जोर लावला आणि त्याची कळ सुटली, तर पातं आपल्याच बोटांवर मिटतं. म्हणून जोराच्या कामाला न मिटणारा चाकू बरा, हे खरं आहे. पण बायांनो, असं हत्यार आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे! आपला इळा, आपली कुऱ्हाड, स्वयंपाकघरातली पावशी, सगळी न मिटणारीच आहेत. फरक एवढाच, की मोबाईलवरच्या चाकूसोबत म्यान येतं आणि आपल्या इळ्याला आपण म्यान करत नाही.

आणि इथेच आमची चूक झाली होती. आमच्याच एका काकूची गोष्ट सांगतो, त्यांच्या परवानगीने. गेल्या कापणीच्या वेळी त्या इळा कमरेला पदरात खोचून धुऱ्यावरून चालल्या होत्या. धुरा ओला होता. पाय घसरला, काकू बसत्या पडल्या आणि इळ्याचं टोक मांडीत शिरलं. सात टाके पडले. कापणीचे पंधरा दिवस गेले, पंधरा दिवसांची मजुरीही गेली. आम्ही गटात विचारलं, अशी जखम कोणाकोणाला झाली आहे? जवळजवळ सगळ्यांनी हात वर केला. बोट, पोटरी, पाऊल. हल्ला करणारा कोणी नव्हता. आमचंच हत्यार आणि आमचीच जखम.

कोकणात शेतकरी कोयती उघडी खोचत नाहीत. कमरेला मागच्या बाजूला लाकडाची आकडी बांधतात, तिच्यात कोयती अडकवतात. हात मोकळे राहतात आणि पडलं तरी धार अंगाला लागत नाही. आपल्याकडे आकडी नाही, पण उपाय सोपा आहे. ठिबकची किंवा पाण्याची जुनी नळी घ्या, इळ्याच्या धारेएवढी कापा, एका बाजूने उभी चिरा आणि धारेवर चढवा. वरून सुतळीने बांधा. टोक नीट झाकलं गेलं पाहिजे, कारण घुसतं ते टोक. आम्ही एका दुपारी बसून गटातल्या सगळ्या इळ्यांना अशी म्यानं केली. खर्च काहीच आला नाही.

आता इळा घेताना काय पाहायचं तेही सांगतो. लोहार ट्रकच्या जुन्या कमानीच्या पाट्यापासून इळा, कुऱ्हाड घडवतो. ते पोलाद चिवट असतं आणि धार धरतं. पातळ पत्र्याचा इळा स्वस्त मिळतो, पण धार लवकर जाते. मग आपण जास्त जोर लावतो आणि हात निसटतो. लक्षात ठेवा, बोथट हत्यार धारेच्या हत्याराहून जास्त कापतं, पण आपल्याला! दुसरं, मूठ हलवून पाहा. पात्याचा मुठीत शिरलेला भाग लांब आणि घट्ट असला पाहिजे. मूठ जरा जरी डुगडुगली तर तो इळा घेऊ नका, घरचा असेल तर आधी लोहाराकडे न्या. फक्त धान कापायचं असेल तर दातेरी इळा बरा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा वैभव विळा असाच आहे, वजनाला हलका आणि पुन्हा पुन्हा धार लावावी न लागणारा.

काम करताना दोघींमध्ये दोन हातांचं अंतर ठेवा. इळा हातातून हातात देऊ नका, खाली ठेवा आणि दुसरीने उचलावा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसताना सगळे इळे म्यान चढवून एका पोत्यात बांधा. आमच्या गावातली माणसं खाणीत जातात तेव्हा आधी टोपी, आधी बूट, मग हत्यार. खाणीतला हा नियम आम्ही बांधीत का पाळू नये?

आणि तरीही लागलंच तर? स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून धरा आणि हात किंवा पाय वर उचलून ठेवा. हळद, तंबाखू, माती, चुना काही भरू नका. टोक आत रुतलं असेल तर ते ओढून काढू नका. ते तसंच राहू द्या, आजूबाजूला कापड लावा आणि दवाखान्यात न्या. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला विसरू नका, लोखंड गंजलेलं असो की चकचकीत.

याच ठिकाणी आणखी एक गोष्ट. साप चावला की आपल्याकडे अजूनही ब्लेडने नाहीतर चाकूने तिथे चीर देतात, रक्त काढतात, दोरी आवळतात. मायबहिणींनो, हे करू नका. चीर दिल्याने विष निघत नाही, रक्त जातं आणि जखम सडते. चावलेला पाय हलू देऊ नका, माणसाला धीर द्या, १०८ वर फोन करा आणि थेट सरकारी दवाखाना गाठा. सापाच्या विषावरचं औषध तिथेच मिळतं. मांत्रिकाकडे गेलेला एक तास परत येत नाही.

आता जंगलाकडे येऊ. वाघ, बिबट किंवा अस्वल समोर आलं तर चाकू कामाचा का? नाही. चाकू लागायचा तर जनावर हाताच्या अंतरावर यावं लागतं. आणि ते तेवढं जवळ आलं तर चाकूची वेळ निघून गेलेली असते. जंगलात आपल्याला वाचवतं ते अंतर. मोह वेचताना आपण वाकलेल्या असतो. वाकलेलं माणूस जनावराला माणसासारखं दिसत नाही. अस्वलाला मोहफुलं फार आवडतात, आणि त्याची यायची वेळ अंधारातली, भल्या पहाटेची. आपलीही तीच वेळ! दोघंही एकाच झाडाखाली एकाच वेळी. भेट होणारच.

मग आम्ही लवकर का जातो? कारण फुलं पहाटे गळतात, गुरं खातात, हरणं खातात, दुसऱ्या कोणी वेचून नेतात. आमच्या एका आजीने यावर उपाय सांगितला. आदल्या संध्याकाळी उजेड असताना आपापल्या झाडाखाली जुनी लुगडी किंवा जाळी अंथरून ठेवायची, आणि दिवस उगवल्यावर पाच-सहा जणींनी मिळून जायचं. फुलं मातीत मळत नाहीत, त्यामुळे भावही बरा मिळतो. झाडाखालचा पाला जाळावा लागत नाही, म्हणजे वणवाही लागत नाही. पण यासाठी गावात एक बोली लागते, की एकीच्या जाळीवरचं फूल दुसरीने उचलायचं नाही. आम्ही ही बोली केली. दोनदा भांडणं झाली, मिटली. आता सगळ्या सूर्य पाहूनच निघतात.

सोबत काठी ठेवा. अधूनमधून काठी आपटत, बोलत, गात जा. एक जण वाकली तर दुसरीने उभं राहून चारी बाजू पाहाव्या. जनावर दिसलं तर पाठ फिरवून पळू नका, एकमेकींना चिकटून उभ्या राहा, मोठा आवाज करा आणि हळूहळू मागे सरका. बंगालच्या सुंदरबनात लाकूडतोडे डोक्याच्या मागच्या बाजूला माणसाच्या चेहऱ्याचे मुखवटे लावून जात, कारण वाघ बहुधा मागून येतो. त्यांनीही चाकूवर भरवसा ठेवला नाही. वाघ-बिबट फिरताना दिसला की वनविभागाच्या १९२६ या नंबरवर सांगा.

आता येतो माणसाकडे. हा भाग बोलायला जड आहे, पण बोललंच पाहिजे.

शाळेतल्या मुलींना स्वसंरक्षण शिकवणाऱ्या एका ताईंना आम्ही बोलावलं. समग्र शिक्षा योजनेत सहावी ते बारावीच्या मुलींसाठी राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण असतं, तीन महिन्यांचं. तुमच्या शाळेत ते होतं का, हे मुख्याध्यापकांना जाऊन विचारा. ताईंना आम्ही विचारलं, "चाकू ठेवावा का?" त्यांनी उत्तर दिलं नाही. त्यांनी पिशवीतून एक लाकडी चाकू काढला. शिकवण्यासाठी असे लाकडाचे, रबराचे चाकू असतात. त्यांनी त्याला ओली हळद फासली. आमच्या हातांना आणि पोटाला जुन्या पांढऱ्या धोतराचे तुकडे बांधले. म्हणाल्या, "एकीने चाकू धरायचा. दुसरीने तिला पकडायला जायचं. हळद जिथे लागेल तिथे जखम समजा."

पाच जोड्या झाल्या. आम्हाला वाटलं होतं, जिच्या हातात चाकू ती जिंकेल. झालं वेगळंच. पाचपैकी तीन जोड्यांत चाकू हिसकला गेला. आणि पाचही जोड्यांत दोघींची धोतरं पिवळी झाली. जिच्या हातात चाकू होता तिच्याही मनगटाला, पोटाला, गळ्याजवळ हळद लागली होती. आधी आम्ही हसत होतो. मग एकेकीने आपल्या अंगावरचे डाग मोजले आणि मैदानावर कोणी बोलेना. एक वहिनी हळूच म्हणाली, "ताई, हे खरं असतं तर माझी लेकरं उघडी पडली असती."

नंतर ताईंनी तोच खेळ काठीने घेतला. काठी कानापर्यंत उंच, दोन्ही हातांनी आडवी धरलेली. मारायची नाही, फक्त समोरच्याला जवळ येऊ द्यायचं नाही, आणि मोठ्याने ओरडत मागे सरायचं. पकडायला येणारीला आत शिरताच येईना. तेवढ्या वेळात काठीवाली पारापर्यंत पोहोचली, जिथे माणसं होती. ताई म्हणाल्या, "हेच जिंकणं. समोरच्याला पाडणं म्हणजे जिंकणं नव्हे. तुम्ही सुखरूप माणसांत पोहोचलात की जिंकलात."

काठी आपल्या विदर्भाला नवी नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे. तिथल्या खेळाडूंनी १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवले. ज्या काठीने आपण बकऱ्या वळवतो, ती शिकून धरली तर पुष्कळ करते.

त्या कॉलेजच्या पोरीची दांडीही ताईंनी पाहिली. साडेपाच इंचांची, बोटाएवढी जाड. ताकायुकी कुबोटा नावाच्या जपानी शिक्षकाने १९७० च्या दशकात अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या महिला पोलिसांना ती शिकवली, म्हणून तिला कुबोटान म्हणतात. कोणी मनगट पकडलं तर हाडावर दाबून सोडवून घ्यायला ती आहे. पण शिकल्याशिवाय आणि रोज सराव केल्याशिवाय ती नुसती किल्ल्यांची दांडी आहे. मिरचीच्या फवाऱ्याचंही तसंच. वारा उलटा असला तर तो आपल्याच डोळ्यांत येतो, आणि पर्समध्ये तळाला पडलेला फवारा वेळेवर हाताला लागत नाही. पोरीला ताईंनी शिट्टी दिली. शिट्टी गळ्यात असते, शोधावी लागत नाही आणि ती शिकावी लागत नाही.

आता कायद्याचं थोडं. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्र कशाला म्हणायचं ते सांगितलं आहे. फक्त घरकामासाठी किंवा शेतीसाठी बनवलेल्या वस्तू शस्त्रात मोडत नाहीत, आणि त्याचं उदाहरण म्हणून कायद्यात लाठीचं आणि साध्या हातकाठीचं नाव आहे. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू, खंजीर, तलवारी मात्र शस्त्रात येतात. शासनाने जिथे तशी अधिसूचना काढली आहे, तिथे त्यांना परवाना लागतो. म्हणजे कापणीला नेलेला इळा वेगळा आणि पर्समध्ये लपवलेला खंजीर वेगळा. सणासुदीला, निवडणुकीत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली बंदीचे आदेश निघतात. तेव्हा गावात काठी घेऊन फिरण्यावरही बंदी येऊ शकते. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लक्ष ठेवा.

आणि जिवावर बेतलं तर? १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या बचावाचा हक्क दिला आहे. बलात्काराच्या हेतूने, पळवून नेण्याच्या हेतूने हल्ला झाला, किंवा मरण येईल अशी भीती असली, तर हा हक्क फार मोठा होतो. मात्र बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. हल्ला करणारा पळाल्यावर त्याच्या मागे धावून मारणं हा बचाव नव्हे. त्या क्षणी हाताशी जे असेल, इळा, दगड, कुऱ्हाडीचा दांडा, ते वापरल्याबद्दल मनात अपराध धरू नका. सुटा, माणसांत या आणि पोलिसांना सगळं खरं सांगा.

शेवटची गोष्ट त्या दिवशी बैठक उठता उठता निघाली. एक बाई, जी महिनाभर काही बोलली नव्हती, ती म्हणाली, "रस्त्यावरच्या माणसासाठी तुम्ही चाकू पाहता. माझी भीती तर घरात आहे. तो दारू पिऊन येतो तेव्हा मी आधी पावशी लपवते."

आम्ही सगळ्या गप्प झालो. तिचं बोलणं खरं होतं. बाईवर हात टाकणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो, हे पोलिसांची दरवर्षीची आकडेवारीही सांगते. अशा घरात आणखी एक धारदार चाकू आणून ठेवणं म्हणजे त्याच्या हातात हत्यार देणं. म्हणून आम्ही सांगतो, ज्या घरात मारझोड आहे तिथे रात्री पावशी, इळा, कुऱ्हाड नजरेआड ठेवा, जमलं तर शेजारणीकडे ठेवा. भांडण पेटलं तर स्वयंपाकघरात शिरू नका, दाराच्या बाजूला राहा. कोणाच्या घरी पळायचं ते आधी ठरवून ठेवा. महिलांसाठी १८१ आहे, तातडीला ११२ आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा आहे. त्यात त्याच घरात राहण्याचा हक्क आहे, आणि संरक्षण अधिकाऱ्याकडे जाऊन तक्रार देता येते. पण फोनच्या आधी शेजारीण पोहोचते. त्या बाईच्या घराच्या दोन्ही बाजूंना राहणाऱ्या आमच्या गटातल्याच आहेत. आता तिच्या गळ्यात शिट्टी आहे. ती वाजली की तीन घरांचे दिवे लागतात आणि बाया अंगणात उभ्या राहतात. आतापर्यंत दोनदा वाजली. दुसऱ्यांदा तो दारातूनच परत फिरला.

तर आमच्या गटाने चाकू घेतले नाहीत. एका चाकूच्या पैशात सगळ्या जणींना शिट्ट्या आल्या आणि वर दोन टॉर्च. काठ्या घरच्याच. इळ्यांना म्यानं चढली. कॉलेजच्या पोरी बसवरून उतरल्या की आता एकेकटी न जाता फाट्यावरून मिळून येतात, आणि संध्याकाळी कोणी ना कोणी काकू टॉर्च घेऊन फाट्यावर उभी असते. ज्या मुलाने चाकू सुचवला होता, त्यानेच आम्हाला नळ्या कापून दिल्या. त्याच्या मनात आईची काळजी होती, ती आम्ही ओळखली.

ऐकणाऱ्या बायांनो, तुमच्या पुढच्या बैठकीत एवढंच करा. आपापला इळा घेऊन या. कोणाची मूठ हलते, कोणाची धार गेली, कोणाला म्यान नाही, ते पाहा. मग विचारा, कोणाला कशाची भीती आहे? आधी सगळ्या जंगलाची सांगतील, मग रस्त्याची. थोडा वेळ थांबा. शेवटी जी बोलेल, तिचं नीट ऐका.

आम्ही चिखल्याच्या बाया, तुमची रजा घेतो. नमस्कार.